लघवीतला आकडा आणि मनगटाचं प्लास्टर

‘माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो आणि लाईट (रेडिएशन). तेव्हापासून लेट्रोझोलची गोळी रोज चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरून पडल्या, उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं, ते दीड महिन्यानं काढलं. कंबर तर त्यांची कायमच धरते. माझ्या दिरांनी नेटवर वाचलं की कॅन्सर हाडात गेला तर लघवीतल्या कोलॅजेनवरून आधीच कळतं. त्यांनी परस्पर लॅबवाल्याला सकाळी सहाला घरी बोलावलं आणि सॅम्पल दिलं. एनटीएक्स ९६ आलंय, शेजारी ‘नॉर्मल ६५ पर्यंत’ असं छापलंय. चार दिवस घरात कुणी धड जेवलेलं नाही. सासूबाईंना ‘शुगरची तपासणी होती’ असं सांगितलंय. कॅन्सर हाडात गेला का? बोन स्कॅन करू की सरळ पेट स्कॅन? आणि ही लघवीची तपासणी दर तीन महिन्यांनी करत राहायची का?’
– एक सून, कराड

ताई,

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे आज रात्री घरात चार घास तरी जातील. ९६ या आकड्यावरून कॅन्सर हाडात गेला असं म्हणता येत नाही. ‘गेलेला नाही’ अशी खात्रीही तो देत नाही. या प्रश्नाचं उत्तर द्यायची ताकदच या तपासणीत नाही. मात्र तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, आणि मी तिथेच थांबले. सासूबाई मोरीत पडल्या आणि मनगट मोडलं. त्यावर पुढे लिहिते, पण तिथवर जाण्यासाठी हा आकडा कुठून येतो ते तुम्हाला माहीत हवं.

आपल्या हाडात चुना, म्हणजे कॅल्शियम असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नुसत्या चुन्याचं हाड खडूसारखं मोडलं असतं. त्याला चिवटपणा येतो तो कोलॅजेनमुळे. हाडातल्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के हे एकच प्रथिन आहे. त्याचा धागा तिपेडी वेणीसारखा असतो, तीन पेड एकमेकांत गुंफलेले. आणि वेण्या एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून टोकांपाशी पिना लावाव्यात तशा रासायनिक गाठी असतात. हाड हे काही एकदा बांधून ठेवलेलं घर नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड आम्लानं विरघळवून कुरतडतात, त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी नवं हाड भरत जातात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. कुरतडताना वेणीची पिनेसकट कापली गेलेली टोकं रक्तात येतात. शरीराला ती पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून मूत्रपिंडं ती लघवीत टाकून देतात. त्यातल्या एका टोकाचं नाव एनटीएक्स. सिअ‍ॅटलमधल्या डेव्हिड आयर यांच्या गटानं १९९२ साली ते लघवीत मोजायची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिचा मुख्य उपयोग झाला तो हाडं ठिसूळ होणाऱ्या बायकांसाठी: औषध लागू पडतंय की नाही हे बघायला.

त्याआधी याच कामासाठी लघवीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजत असत. मी लॅबमध्ये नवीन होते तेव्हा ते करायचे. पेशंटला तीन दिवस मटण, चिकन, जेली, आइस्क्रीम सगळं बंद, कारण त्यातलंही कोलॅजेन लघवीत उतरायचं. मग चोवीस तासांची लघवी गोळा करायची. पाच लिटरचा पांढरा कॅन जुन्या लुगड्यात गुंडाळून, तो मांडीवर धरून, पहाटेच्या एसटीनं आलेल्या एक आजी मला अजून दिसतात. येताना कॅनचं झाकण सैल होऊन अर्ध्याहून जास्त सांडलं होतं आणि त्या माझ्यासमोर रडत होत्या. सगळं पुन्हा करायला लागलं. त्या मानानं आताची तपासणी फारच सोपी झाली, एक छोटी डबी पुरते. पण सोपी झाली म्हणून ती नको तिथेही होऊ लागली, आणि नको त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे मागितलं जाऊ लागलं.

आता कॅन्सरचं बघा. स्तनाचा कॅन्सर हाडात जातो तेव्हा कॅन्सरच्या पेशी स्वतः हाड खात नाहीत. त्या ऑस्टिओक्लास्टना चिथावतात आणि ते हाड कुरतडतात. म्हणून वेणीची टोकं वाढतात. पण ऑस्टिओक्लास्टना चिथावणारे बाकीचेही पुष्कळ आहेत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्यानं चिथावतात. लेट्रोझोल उरलंसुरलं इस्ट्रोजेनही बंद करतं, त्यानं आणखी चिथावतात. ड जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइड किंवा पॅराथायरॉइड जास्त काम करत असेल, स्टिरॉइड चालू असेल, माणूस अंथरुणाला खिळला असेल, तरीही. आणि हाड मोडलं असेल, तर जुळण्याच्या कामात तिथं महिनोन् महिने मोडतोड आणि भरणी जोरात चाललेली असते. लघवीत येणारं टोक प्रत्येक वेळी तेच, एकसारखं. त्यावर कुणाच्या सांगण्यावरून कापलं ते लिहिलेलं नसतं.

तुम्ही कराडच्या, तुम्हाला हे लगेच पटेल. प्रीतिसंगमाच्या खालच्या अंगाला उभं राहून पाणी गढूळ आहे एवढं दिसतं. गाळ कोयनेतून आला की कृष्णेतून, की वरच्या कुठल्या ओढ्याचा बांध फुटला, हे तिथे उभं राहून सांगता येत नाही. लघवी ही सगळ्या सांगाड्याची संगमाखालची धार आहे. २०६ हाडांचा गाळ एकत्र. एखाद्या मणक्यात वाटाण्याएवढी गाठ बसली असेल तर तिचा वाटा त्यात कुठच्या कुठे हरवून जातो. म्हणून उलटंही घडतं: आकडा अगदी नॉर्मल आणि स्कॅनमध्ये तीन ठिकाणी डाग. असे रिपोर्ट माझ्या हातून गेले आहेत, आणि ‘लघवी चांगली आली होती हो’ म्हणणारे नातेवाईकही मी पाहिले आहेत. वाढलेल्या आकड्याच्या भीतीपेक्षा मला त्या खोट्या धीराची जास्त काळजी वाटते.

हे सगळं सासूबाईंच्या रिपोर्टाला लावून बघा. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. लेट्रोझोल चार वर्षं. मनगट तीन महिन्यांपूर्वी मोडलेलं. सॅम्पल सकाळी सहाचं, म्हणजे बहुधा पहिल्या लघवीचं. हाडाची झीज रात्री आणि पहाटे सर्वांत जास्त असते, दुपारनंतर उतरते, म्हणूनच या तपासणीला सकाळची दुसरी लघवी घ्यायची पद्धत आहे. ‘६५ पर्यंत’ ही मर्यादा तर साधारणपणे पाळी चालू असलेल्या बायकांची असते. पाळी गेलेल्यांची वेगळी आणि बरीच वर असते. रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात काही लिहिलंय का, भिंग घेऊन वाचा.

आणखी एक. हा आकडा नुसत्या एनटीएक्सचा नसतो, त्याला लघवीतल्याच क्रिएटिनिन या दुसऱ्या टाकाऊ पदार्थानं भागलेलं असतं. पाणी जास्त प्यायलं तर दोन्ही सारखेच पातळ होतात, म्हणून भागाकार बिघडत नाही, हा त्यामागचा चांगला विचार. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. समजा दोन बायकांच्या लघवीत एनटीएक्स सारखंच आहे, ४८०. एकीचं क्रिएटिनिन ८, तिचा आकडा ६०. दुसरी वाळकी, केमोनंतर अंगावरचं मांस उतरलेली, तिचं ५, आणि तिचा आकडा ९६. हाड दोघींचं सारखंच झिजतंय. शिवाय एकाच बाईचा आकडा एका दिवसातून दुसऱ्या दिवशी २०-३० टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतो.

तुमच्या दिरांवर मात्र रागावू नका. त्यांनी वाचलं ते खोटं नाही, अर्धं आहे. ज्यांच्या हाडात कॅन्सर गेल्याचं आधीच पक्कं झालंय, त्यांच्यात या तपासणीला अर्थ आहे. ब्रिटनमधल्या शेफील्डचे रॉबर्ट कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशा पेशंटांचा अभ्यास मांडला. ज्यांचं लघवीतलं एनटीएक्स १००च्या वर होतं, त्यांच्यात हाड मोडण्याचा आणि दगावण्याचा धोका जास्त होता. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या हाडाची झीज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊन आकडा खाली आला की परिस्थिती सुधारत होती. म्हणजे आग लागलेली आहे हे माहीत असताना ती किती भडकली आहे हे मोजायला ती उपयोगी. घरात आग आहे का, हे शोधायला नाही. त्या अभ्यासातला १००चा आकडा आणि सासूबाईंचे ९६ शेजारी शेजारी ठेवून कुणी तुम्हाला घाबरवलं तर ऐकू नका. ती माणसं वेगळी होती. आणि ज्यांच्या हाडात कॅन्सर आहे त्यांच्याही नेहमीच्या उपचारात हा आकडा बघून औषध ठरवण्याची पद्धत रुळलेली नाही.

बी आणि जमीन, हा विचार या बाबतीत फार जुना आहे. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं, कॅन्सर वाटेल तिथे जात नाही, बियाणं सगळीकडे उडालं तरी रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. हाड ही स्तनाच्या कॅन्सरला मानवणारी जमीन आहे. त्यामुळे तुमची धास्ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण या ‘जमिनी’ची काळजी घेण्यासारखं पुष्कळ काही आपल्या हातात आहे, आणि तिथेच मला मनगटाकडे यायचं आहे.

चौसष्टीची बाई उभ्या उंचीवरून पडते आणि मनगट मोडतं. अशा फ्रॅक्चरला नुसता अपघात म्हणून सोडून देता येत नाही. हाड ठिसूळ झाल्याची ती बहुतेक वेळा पहिली वर्दी असते, आणि लेट्रोझोल घेणारीच्या बाबतीत तर नक्कीच तपासायला हवी. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना लेट्रोझोलचं माहीत होतं का? आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना मनगटाचं सांगितलं का? माझा अंदाज आहे, दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल. हाडांचे डॉक्टर वेगळे, कॅन्सरचे वेगळे, फायली वेगळ्या, आणि मधली गोष्ट घरच्यांनीच एकीकडून दुसरीकडे न्यायची असते. ती न्या.

डेक्सा स्कॅन करा. कंबर आणि खुब्याच्या हाडाची घनता त्यात मोजतात, सुई नाही, दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तिथे मनगट मोडल्याचं सांगा. त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन बघायला सांगा. हे सगळे कागद कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, ‘झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आधी दिलं होतं का? नसेल तर आता द्यायचं का?’ हे इंजेक्शन सहा महिन्यांनी एकदा देऊन लेट्रोझोलमुळे होणारी झीज रोखता येते. आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये या जातीची औषधं ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या काळात दिली, तर कॅन्सर हाडात परतण्याचं प्रमाणही कमी होतं. २०१५ साली १८,७६६ बायकांचे आकडे एकत्र करून हे दाखवलं गेलं. पाळी गेलेल्यांमध्ये दहा वर्षांत हाडात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आलं. सासूबाईंना आता चार वर्षं झालीत, त्यामुळे त्या फायद्याचा त्यांच्या बाबतीत किती भरवसा धरायचा ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. हाड वाचवण्यासाठी मात्र उशीर झालेला नाही. इंजेक्शनाआधी ड जीवनसत्त्व भरून काढावं लागतं, मूत्रपिंडं तपासावी लागतात, आणि हलणारा किंवा सडका दात असेल तर त्याचं काम आधी उरकावं लागतं. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. लेट्रोझोल मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. ती गोळी त्यांचं रक्षण करते आहे.

आता स्कॅनचं. बोन स्कॅन की पेट हे ठरवायच्या आधी सासूबाईंना जवळ बसवून विचारायला हवं, आणि इथे तुम्ही स्वतःचीच अडचण करून ठेवली आहे. ‘शुगरची तपासणी होती’ असं सांगितल्यावर आता कंबरेबद्दल काय विचारणार? ज्या बाईनं ऑपरेशन सोसलं, सहा-आठ केमो काढल्या, केस गेले आणि परत आले, तिच्यापासून तिच्याच लघवीचा रिपोर्ट लपवू नका. घरात चार दिवस कुणी जेवत नाही हे त्यांना दिसत नसेल असं खरंच वाटतं का तुम्हाला? त्या गप्प आहेत त्या तुम्हाला सांभाळायला. एवढंच सांगा: ‘आई, भाऊजींनी हाडांच्या झिजेची तपासणी केली होती, आकडा थोडा वर आलाय, मनगट मोडलं आणि गोळी चालू आहे म्हणूनही तो येतो, आपण डॉक्टरांना दाखवू.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही.

मग विचारा. कंबर जिथे वर्षानुवर्षं धरते तिथेच धरते, की हल्ली नव्या जागी? ती जागा एका बोटानं दाखवता येते का? आडवं पडल्यावर आराम पडतो, की रात्री झोपेतून उठवतं? महिन्याभरात हळूहळू वाढत चाललंय का? जुनी कंबरदुखी काम केलं की वाढते, पडलं की उतरते. हाडातल्या गाठीचं दुखणं बहुधा विश्रांतीलाही बधत नाही, रात्री जास्त होतं, आणि आठवड्यागणिक चढत जातं. शिवाय खूप तहान, पोट साफ न होणं, गुंगी किंवा बरळणं असेल तर रक्तातलं कॅल्शियम त्याच दिवशी तपासा.

यापैकी काही असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, तेच ठरवतील. साध्या एक्सरेवर फार विसंबू नका. हाडातला ३० ते ५० टक्के चुना गेल्याशिवाय एक्सरेत खड्डा दिसत नाही. बोन स्कॅन करायचा ठरला तर तो कसा असतो ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. हाताच्या शिरेतून टेक्नेशियमचं इंजेक्शन देतात, मग दोन-तीन तास नुसतं बसायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, आणि मग यंत्राखाली अर्धा-पाऊण तास निवांत पडून राहायचं. टेक्नेशियमची ताकद दर सहा तासांनी अर्धी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत फारसं उरत नाही. हाड जिथे नव्यानं घडतंय तिथे ते जमतं आणि फोटोत काळा ठिपका येतो. ताई, सासूबाईंचं उजवं मनगट या फोटोत काळंभोर दिसणार. गुडघेही थोडे दिसतील. फॉर्म भरतानाच तिथल्या माणसाला पडल्याची तारीख आणि प्लास्टरचं सांगा आणि जुना एक्सरे सोबत न्या, नाहीतर एक नवीनच घबराट घेऊन घरी याल.

आणि यापैकी काहीच नसेल तर? कंबर जुनीच, रात्री शांत झोप, डॉक्टरांच्या तपासणीतही काही नाही. तर स्कॅन नको, पेटही नको. हे मी पैसे वाचवायला सांगत नाही. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. त्यातल्या एकात १,३२० बायका होत्या. निम्म्यांना ठरावीक महिन्यांनी बोन स्कॅन, छातीचे फोटो, सोनोग्राफी, रक्ततपासण्या, निम्म्यांना नुसती डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही. त्या बायकांनी एकामागून एक रिपोर्टांची वाट बघण्यात काढलेले दिवस मात्र कोण भरून देणार? म्हणून दर तीन महिन्यांनी लघवीची तपासणी करू का, याला माझं सरळ उत्तर आहे: नको. दर वेळी ८०, १०४, ९१ असं काहीतरी येईल आणि दर वेळी तुमचं घर चार दिवस उपाशी राहील. त्याऐवजी नेमाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची भेट चुकवू नका, आणि दुखण्याची तारीखवार टिपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करत जा. ‘१२ तारखेपासून पाठीत मध्यभागी, रात्री’ एवढी एक ओळ कुठल्याही एनटीएक्सपेक्षा डॉक्टरांना जास्त कामाची असते.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागलं, पाय लटपटायला लागले, पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा नकळत झाली, तर ओपीडीचा वार बघू नका. रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या आणि ‘कॅन्सरची पेशंट आहे, मणक्याचा एमआरआय हवा’ हे पहिलं वाक्य बोला. मज्जारज्जू दाबला गेला असेल तर चालणारं माणूस चालतं राहील की नाही हे काही तासांवर ठरतं. हे वाचून सासूबाईंच्या पायांकडे टक लावून बसू नका, फक्त घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. दिरांनाही.

डेक्साची वेळ मिळायला आठ-पंधरा दिवस जातील. तोवर वाट न बघता करण्यासारखं एक काम आहे. मोरीत रबरी जाळीची चटई टाका, भिंतीला हाताला येईल असा लोखंडी दांडा ठोकून घ्या, आणि अंघोळीला त्यांना पाटाऐवजी प्लास्टिकचं रुंद स्टूल द्या. रात्री उठतात त्या वाटेवर एक लहान दिवा चालू ठेवा. मनगट जुळलं. खुब्याचं हाड त्या वयात तसं सहज जुळत नाही.